चवीचं कवच

तन्मयी पाटणकर त्या आठवड्यात जमिनीच्या चार बोटं वरूनच चालत होती. जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता. शाळेच्या फलकावर रंगीत खडूने नाव झळकलं होतं. वर्गातल्या ज्या मुली वर्षभर तिच्या बाकावरून सरळ पुढे निघून जायच्या, त्या आता थांबून विचारायच्या, "तने, भाषणाची सुरुवात कशी करायची गं?" अशा दिवसांत माणसाला आपल्याला सगळंच येतं असं वाटायला लागतं. त्यामुळे हॉस्पिटलातल्या बाईंनी चारूआत्याचा फॉर्म पुढे केला तेव्हा तिने तो न डगमगता घेतला. आत्या रक्त द्यायला आत गेली होती आणि बाबा फायलींच्या खिडकीशी रांगेत उभे होते.

पहिले सहा प्रश्न सोपे होते. नाव चारुशीला पाटणकर, वय चोपन्न, गाव कराड, आजार स्वादुपिंडाचा कॅन्सर. सातवा प्रश्न मात्र खास तन्मयीसाठी काढल्यासारखा होता: "उपचार चालू असताना कवच देऊन आपली कोणती एक क्षमता जपली जावी? एकच निवडा. कारण लिहा." खाली यादी होती. चव आणि वास, बोटांची संवेदना, श्रवण, केस, झोप.

आता यात विचार कसला करायचा? आत्या स्वयंपाक करून जगते. तन्मयीने "चव आणि वास"वर बोट टेकवलं आणि कारणाच्या चौकोनात पंधरा ओळी लिहिल्या. शेवटची ओळ अशी होती: "स्वादुपिंडाने माझ्या आत्याकडून काहीही न्यावं, पण स्वाद नेऊ नये." ही ओळ तिने दोनदा वाचली. दोन्ही वेळा ती चांगलीच होती.

आत्या दंडावर कापूस दाबत बाहेर आली.

"भरलास का गं?"

"भरला. एकदम मस्त भरलाय."

"मग झालं तर." आत्याचा चष्मा पर्समध्ये तळाशी गेला होता. तो न काढताच तिने खाली सही केली.

चूक झाली ती इथे. कारण चारूआत्या गेली अठ्ठावीस वर्षं जे करून जगत होती, त्यात चवीचा संबंधच नव्हता.

आत्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या करायची. नैवेद्याचं चाखायचं नसतं. देवाच्या आधी जीभ लागली की ते उष्टं झालं. पूर्वी घरोघरी बायका हा नियम पाळून पोळ्या करायच्या. मग पोळीयंत्रं आली. एका बाजूने कणीक आणि पुरण घाला, दुसऱ्या बाजूने तांबूस, फुगलेली पोळी घ्या. यंत्राच्या आत एक इलेक्ट्रॉनिक जीभ होती. ती प्रत्येक घाण्याला टेकून गोडी तपासायची, आणि गाडी नेमकी तिथेच अडली. यंत्राने जीभ लावलेली पोळी उष्टी म्हणायची का? दोन वर्षं लोक यावर हिरिरीने भांडले. एका गुरुजींचं म्हणणं, यंत्राला आत्मा नाही, तेव्हा चालेल. दुसऱ्यांचं म्हणणं, आत्मा असो नसो, जीभ ती जीभ. कंपनीने जीभ बंद करायचं बटण काढलं तर पोळ्या कधी मिळमिळीत तर कधी काकवीसारख्या यायला लागल्या. शेवटी लोकांनी आपापसात तोड काढली. एरवी यंत्राच्या पोळ्या खायच्या, आणि सणाच्या दिवशी देवापुरत्या पाच-सात पोळ्या न चाखणाऱ्या माणसाकडून आणायच्या. कराडच्या सोमवार पेठेत ते माणूस म्हणजे चारूआत्या.

न चाखता तिला कसं कळायचं, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. शिजलेली डाळ ती दोन बोटांत चेपून बघायची. गूळ ओंजळीने घ्यायची, वेलदोडा-जायफळ चिमटीने. पुरणाचा कण अंगठ्यावर घासून घ्यायची, कणकेची तार ओढून घ्यायची, आणि पोळी तव्यावर असताना तिची कड नुसत्या बोटांनी दाबून आत पुरण काठापर्यंत पोचलंय का ते बघायची. दिवसभर पुरणाच्या वाफेत बसल्यावर संध्याकाळी तिला पिठलंभात लागायचा. स्वतःची पोळी शेवटची कधी खाल्ली होती, हे तिचं तिलाच आठवत नव्हतं.

तन्मयीने हे सगळं लहानपणापासून बघितलं होतं. फक्त बघताना ते तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

*

डॉक्टर सना मोमीन तिशीतल्या, भरभर बोलणाऱ्या. खुर्ची ओढून आत्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसायच्या.

"मावशी, हे औषध म्हणजे आंधळी कोशिंबीर आहे," त्या म्हणाल्या. "डोळे बांधून रक्तातून फिरतं आणि भराभर वाढणारं जे हाताला लागेल त्याला धरतं. गाठीच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या सापडतात. पण जिभेवरच्या चवीच्या पेशीही दहा-बारा दिवसांत जुन्या जाऊन नव्या येतात. त्याही सापडतात. मग चहा लोखंडासारखा लागतो. नसांचं वेगळं आहे. नसा वाढत नाहीत, पण औषधात प्लॅटिनम असतं, ते त्यांच्यात जाऊन साचतं. हातापायाच्या बोटांच्या नसा सगळ्यात लांब, म्हणून तिथे पहिल्यांदा मुंग्या येतात."

"आणि कवच?" तन्मयीने विचारलं.

"कवच म्हणजे चरबीचे बुडबुडे. डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. प्रत्येकावर पत्ता असतो. चवीचा पत्ता असला की ते जिभेपाशी आणि नाकापाशी जाऊन बसतात, आणि औषध तिथे पोचलं की फुटून उतारा सोडतात. तेवढा भाग वाचतो."

"मग सगळीकडेच घाला की कवचं," बाबा म्हणाले. आत्याचे धाकटे भाऊ. पाटबंधारे खात्यात होते आणि पाणी कालव्याच्या सगळ्या चाऱ्यांना सारखं गेलं पाहिजे अशी त्यांची शिकवण.

"तिथेच गोम आहे. थोडे बुडबुडे पत्ता चुकतात आणि गाठीवर जाऊन बसतात. एका कवचाने गाठीला जो आडोसा मिळतो तो आम्ही चालवून घेतो. दोन घातली की गाठ निवांत बसते. म्हणून एकच. आठ डोस देऊ. गाठ आक्रसून रक्तवाहिनीपासून सुटली तर ऑपरेशन. बरं व्हायचा रस्ता तेवढा एकच आहे, मावशी, ते मी लपवणार नाही."

"नका लपवू," आत्या म्हणाली.

*

पंधरा दिवसांनी एक डोस. तीन दिवस पंप छातीला लावून हिंडायचं, चौथ्या दिवशी काढायचा. स्वादुपिंडाचा रस आतड्यात उतरत नव्हता, म्हणून प्रत्येक जेवणाला तीन कॅप्सूल. त्या विसरल्या की खाल्लेलं तूपतेल जसंच्या तसं बाहेर यायचं आणि संडासात तवंग दिसायचा. आत्या हे ताटावर बसून, न लाजता सांगायची. बाबा घास हातात धरून थांबायचे.

पण चव शाबूत होती. बाकी पेशंट वरणभात बघून तोंड फिरवायचे, शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना तर साखरही कडू लागत होती. आत्या मात्र जेवायची. पहिल्या महिन्यात तिचं वजन किलोभर वाढलं, तेव्हा नर्सनी टाळ्या वाजवल्या. तन्मयीने आईला फोन करून सांगितलं. आई बँकेच्या बदलीवर नांदेडला होती. "मीच निवडलं होतं चवीचं," तन्मयी म्हणाली.

रोज सकाळी आठला हॉस्पिटलचा फोन यायचा. पलीकडे माणूस नसायचं, गोड आवाजाचं यंत्र असायचं. पेशंटचं रोजचं जगणं कसं चाललंय हे मोजून त्याचा आकडा काढायचा, हे त्याचं काम.

"काल थकवा किती वाटला? एक ते चार."

"तीन."

"वेदना?"

"दोन."

"बटणं लावताना त्रास होतो का?"

"नाही."

"धन्यवाद, चारुशीलाजी. आपला दिवस शुभ जावो."

"तुझाही जावो बाई," आत्या म्हणायची आणि फोन तन्मयीकडे द्यायची. स्क्रीनवर हिरवी रेघ वर चाललेली दिसायची. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर.

मधल्या काळात आत्याच्या हातून दोन कप फुटले. फ्रीजमधलं काही काढायचं असलं की ती तन्मयीला हाक मारायला लागली, कारण गार भांडं धरलं की बोटांत सुया टोचायच्या. देवाच्या वाती वळायचं तिने सोडून दिलं आणि बाजारातून तयार आणल्या. "अंगात त्राण नाही, दुसरं काय," असं ती म्हणायची, आणि तेही पटण्यासारखं होतं.

*

बेंदराला, बैलांच्या सणाला, अकरा घरांच्या पोळ्या होत्या. एरवी चाळीस घरं असायची. पण यंदा अकराच घेते, असं आत्यानेच सांगून टाकलं होतं. तन्मयी शाळेला बुट्टी मारून मदतीला बसली होती. ती उंडे भरत होती, आत्या लाटून भाजत होती.

"तने, काहीतरी जळतंय," आत्या म्हणाली.

तन्मयीला काहीच वास येत नव्हता.

"पुरण नाही. तूपही नाही." आत्याचं नाक उत्तम चालत होतं, आठ-दहा आठवडे त्याला कवचच होतं. तिने वाकून शेगडीखाली बघितलं, फडकं उचलून बघितलं, गाऊनची बाही बघितली. "केस जळल्यासारखं येतंय. बघ जरा कुठे ते."

तन्मयीने मान वर केली आणि तिला दिसलं. आत्या वाकली होती तेव्हा तिने आधाराला डावा हात टेकला होता. तो तव्याच्या कडेवर होता. तीन बोटं, निवांत, जशी एखाद्याने कठड्यावर टेकवावीत.

"आत्या, हात."

आत्याने हात उचलला. कातडी थोडी तव्यालाच राहिली. दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू बघावी तशी ती बोटांकडे बघत राहिली. मग नळाखाली धरली, आणि पाणी लागल्याबरोबर कळवळली. चटका कळला नव्हता, गारवा कळला.

अकरा घरच्या पोळ्या मात्र पोचल्या. उरलेल्या तन्मयीने भाजल्या, आत्या शेजारी स्टुलावर हात उशीवर ठेवून बसली होती. "उलट आता," एवढंच ती मधूनमधून म्हणत होती.

*

डॉक्टर मोमीन यांनी आत्याला डोळे मिटायला सांगितलं आणि बोटांना कापूस, टाचणी, थरथरणारा चिमटा असं एकेक लावून बघितलं. आत्या गप्प होती. डॉक्टर मग स्क्रीनकडे वळल्या.

"पण रोज तर उत्तर येतंय, बटणं लावायला त्रास नाही."

"नाहीच आहे त्रास," आत्या म्हणाली. "पंप लावल्यापासून मी गाऊन घालते. डोक्यातून घालायचा. त्याला बटणं कुठली?"

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खरडलं.

"हा प्रश्न आम्हाला बदलायला पाहिजे."

"बदला. साडी नेसता येते का, वात वळता येते का, असं विचारा. बायका खरं सांगतील."

"आणि मावशी, तुमचं काम जर हाताचं होतं, तर चव का निवडलीत?"

"मी?" आत्या म्हणाली. "मी कधी निवडली?"

डॉक्टरांनी फॉर्म उघडला आणि कारणाच्या चौकोनातलं सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली. पंधरा ओळी. त्या आवाजात त्यातली एकही ओळ चांगली वाटत नव्हती. "स्वादुपिंडाने माझ्या आत्याकडून काहीही न्यावं, पण स्वाद नेऊ नये," इथपर्यंत त्या आल्या तेव्हा तन्मयी फरशीच्या सांध्याकडे बघत होती.

"लिहिलंय चांगलं," आत्या म्हणाली.

मग डॉक्टरांनी हिशेब मांडला. नसांचं नुकसान आत्ताच थांबवलं तर उजव्या हाताची बोटं बरीचशी परत येतील, डाव्याची सांगता येत नाही. चार डोस अजून असेच घेतले तर दोन्ही हात कायमचे बधिर होतील, पायही. कवच बदलता येतं. पण चवीचं कवच विरायला तीन आठवडे लागतात आणि तोवर हाताचं घालावं लागेल. म्हणजे ते तीन आठवडे दोन कवचं, गाठीला डबल आडोसा. अशा दहा पेशंटपैकी एरवी सहा जण ऑपरेशनपर्यंत पोचतात. कवच बदलणाऱ्यांपैकी चार.

"प्रश्नच नाही," बाबा म्हणाले. "आहे तसंच चालू दे. गाठ जाऊ दे आधी."

"अभ्या, हात माझे आहेत," आत्या म्हणाली.

"आणि गाठ काय माझी आहे?"

डॉक्टरांनी एक कागद पुढे सरकवला. नियमाने पेशंटची सही पुरेशी होती. पण उपचार सौम्य करायचा म्हटलं की जवळच्या नातेवाइकाची सही घेतल्याशिवाय हॉस्पिटल पुढे हलत नाही, हे त्यांनी जरा ओशाळूनच सांगितलं. बाबांनी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

*

तो कागद चार दिवस फ्रीजवर होता. घरात सगळे त्याच्याकडे न बघता फ्रीज उघडत होते.

पहिल्या दिवशी तन्मयी आत्याच्या खोलीत गेली. काय बोलायचं ते तिने ठरवून आणलं होतं, सुरुवात, मध्य, शेवट सगळं. दाराशीच ते विसरायला झालं.

"मी तुला विचारलंच नाही," ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

"भाषणात रडलीस तर मार्क जातात ना?" आत्याने तिला कॉटवर बसवलं. "तू विचारलं असतंस तरी मी चवच म्हटलं असतं बहुतेक. मी हाताने बघते हे मला तरी कुठे माहीत होतं? ते गेल्यावर कळलं."

"मला बरं वाटावं म्हणून असं म्हणतेयस."

"थोडंसं तसंही आहे."

दुसऱ्या दिवशी बाबा आणि आत्या भांडले. हळू आवाजात, जेवणाच्या टेबलावर, ताटं समोर असताना.

"पोळ्यांसाठी जिवावर उदार होणार तू?"

"पोळ्या राहू दे बाजूला. जिन्याची पायरी पायाला लागत नाही मला, भिंत धरून उतरते. परवा कपाळावर टिकली लावताना तीनदा खाली पाडली. ऑपरेशन झालं समज. पुढे जे दिवस मिळतील ते कशात घालवू? टीव्ही बघू? चवीचवीने जेवत बसू?"

"बस की. मी आणून देतो काय हवं ते."

"तेच तर," आत्या म्हणाली, "तू आणून देणार. मी बसणार."

बाबा ताट उचलून उठले. बेसिनपाशी बराच वेळ पाणी वाहत होतं.

चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळी नऊला स्वयंपाकघरातून डाळ शिजल्याचा वास आला. ऑर्डर कुठलीच नव्हती. तन्मयी आत गेली तर आत्या पुरण घोटत होती. उजव्या हातात उलथणं, डावा हात बँडेजमध्ये अंगाशी. गूळ विरघळला. वेलदोडा पडला, चिमटीने, नेहमीसारखा. पुरणात उलथणं उभं राहिलं तसा तिने गॅस बंद केला.

मग तिने तीन कॅप्सूल पाण्याबरोबर घेतल्या, चमचाभर पुरण काढलं, फुंकलं आणि तोंडात घातलं.

बाबा पेपर घेऊन दारात आले होते. "उष्टं केलंस," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी बघितलं नव्हतं.

"केलं." आत्या डोळे मिटून चघळत होती. "वेलदोडा जास्त आहे."

तिने दुसरा चमचा भरून पुढे धरला.

"अभ्या, इकडे ये. चाखून सांग."

बाबांनी चाखलं. "नेहमीसारखं आहे."

"म्हणजे नेहमी जास्त असतो?"

बाबा चमच्याकडे बघत राहिले. "असतो. थोडा."

"किती वर्षं?"

"आता काय त्याचं, ताई."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून," बाबा म्हणाले.

आत्याने चमचा ताटलीत ठेवला. "आणि बोलला नाहीस."

"तू चाखत नाहीस. कशाला बोलायचं? वाईट वाटलं असतं तुला. आणि आम्हाला सवयच झाली होती."

"अख्ख्या पेठेला अठ्ठावीस वर्षं वेलदोडा खायला घातला मी आणि सख्खा भाऊ माझं मन राखत बसला." ती चिडली होती की हसत होती ते तन्मयीला ओळखता येईना. "आताही तेच चाललंय तुझं. मला वाईट वाटू नये, मला काही होऊ नये, सगळं माझ्यासाठीच. फक्त मला सोडून ठरतंय. मी विचारत नाही अभ्या, सांगतेय. सही कर."

"सहाचे चार होणार आहेत," बाबा म्हणाले. "त्या चारांत तू नसलीस तर?"

"तर नसेन. तोवर माझ्या वाती मी वळेन."

बाबा फ्रीजपाशी गेले. कागद काढला, घडी उलगडली, ओट्यावर ठेवून तळहाताने सरळ केला. पेन सापडेना म्हणून तन्मयीने दप्तरातलं आणून दिलं. सही करताना त्यांनी कागदाकडे बघितलं नाही, बहिणीकडेही नाही. मग उभ्याउभ्याच त्यांनी पातेल्यातलं आणखी दोन चमचे पुरण खाल्लं.

*

चव जायला तीन आठवडे होते आणि आत्याने ते वाया घालवले नाहीत. वाटीभर डाळीचं पुरण, एक दिवसाआड. वेलदोडा कमी, आणखी कमी, मग किंचित वाढवून. प्रत्येक वेळी चाखायची, आणि पटलं की डोळे मिटून तेवढीच वेलदोड्याची पूड उजव्या हाताच्या चिमटीत घेऊन घासत बसायची. हाताचं कवच लागलं होतं. चिमटीत पहिल्या आठवड्यात काहीच कळत नव्हतं, तिसऱ्यात वाळूसारखं काहीतरी कळायला लागलं. ज्या दिवशी पुरण जसं हवं तसं झालं त्या दिवशी तिने कोणाला सांगितलं नाही, नुसत्या दोन वाट्या खाल्ल्या. शुगर तीनशेवर गेली आणि डॉक्टर मोमीन फोनवर पाच मिनिटं बोलल्या.

मग एका सकाळी चहाचा घोट घेऊन ती म्हणाली, "गेली." त्यानंतर ती जेवायची ती घड्याळाकडे बघून. वजन दोन किलो उतरलं. हिरवी रेघ बासष्टवर आली. यंत्र रोज विचारायचं, "साडी नेसताना त्रास होतो का?" आत्या म्हणायची, "निऱ्या जमतात. पदराची पिन नाही."

स्कॅन झाला. गाठ आक्रसली होती, पण सगळ्यांनी मनात धरलं होतं तेवढी नाही. एका बाजूने अजून रक्तवाहिनीला चिकटलेली होती. आणखी दोन डोस देऊ, मग बघू, असं डॉक्टर म्हणाल्या. येताना गाडीत आत्याने मागच्या सीटवर कापसाची पिशवी उघडली आणि कराड येईपर्यंत एकवीस वाती वळल्या. त्यातल्या सात-आठ बऱ्या होत्या.

गौरीच्या दिवशी तिने चौदा घरं घेतली. डाव्या हाताला काही कळत नव्हतं, तो तिने ओट्यापासून लांब, कमरेत खोचल्यासारखा ठेवला होता. उजव्याने कड दाबून बघत होती. पुरण तिला त्या दिवशी ओल्या पिठासारखं लागलं असतं, पण चाखायचा प्रश्नच नव्हता. वेलदोडा तिने चिमटीने घातला. घालताना थांबली, थोडा परत डब्यात टाकला, आणि हात झटकला.

बाराच्या सुमाराला पोळ्या घरोघरी गेल्या. दोनला फोन सुरू झाले. पहिला सोनटक्केकाकूंचा. आत्याचे हात पिठाचे, म्हणून तन्मयीने तो स्पीकरवर लावला.

"चारू, नैवेद्य झाला गं. पोळ्या लोण्यासारख्या मऊ. पण यंदा वेलदोडा विसरलीस का? काहीतरी कमी लागतंय. आमचे हेही म्हणाले, चारूची पोळी वाटत नाही. औषधांनी चव जाते म्हणतात, त्याने झालं असेल. असू दे हो, मनाला लावून घेऊ नकोस."

तन्मयीने आत्याकडे बघितलं. बाबा दारात नारळ सोलत होते, त्यांचा हात थांबला. आत्याला जिभेवर मीठ आणि साखर वेगळी कळत नव्हती. तिने दोन बोटं अंगठ्यावर एकदा घासली.

"विसरले नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं जास्त होता. यंदा बरोबर आहे. परत खाऊन बघा."